क्वार्टरबॅक पुन्हा बदलला! राग नेमका कोणावर काढायचा?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मूळचा नाशिकचा, १९९८ पासून क्लीव्हलंडजवळ राहतो. पुढच्याच वर्षी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला ब्राउन्स संघ शहरात परत आला आणि ऑफिसातल्या मित्रांच्या नादानं मी जो त्यांच्यामागे लागलो तो आजतागायत. टिम काउचपासून शेड्योर सँडर्सपर्यंत सगळे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणारे मुख्य खेळाडू, पाहिले. कपाटात काउच, मॅन्झिएल आणि मेफील्ड अशा तीन जर्सी आहेत, तिन्ही घालवत नाहीत. २०२५ च्या हंगामात तिघे जण क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीला उतरले आणि संघ ५-१२ वर (पाच विजय, बारा पराभव) थांबला. हंगाम संपताच प्रशिक्षक केव्हिन स्टेफान्स्कींनाही निरोप मिळाला. म्हणजे आता पुन्हा नवा डाव. चौदा वर्षांचा मुलगा विचारतो, "बाबा, चूक कोणाची? सँडर्स चांगला आहे की वाईट?" मला ओरडता येतं, उत्तर देता येत नाही.

क्वार्टरबॅकच वाईट आहे की त्याच्याभोवतीचा संघ, हे घरी बसून कसं ओळखायचं? क्वार्टरबॅक डिशॉन वॉटसनच्या कराराचं ओझं कधी उतरणार? हंगाम वाया गेलाच असेल तर संघानं हरावं, म्हणजे ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) वरची निवड मिळेल, असं मनात येणं चूक आहे का? आणि मुलाला वाढदिवसाला जर्सी हवी आहे, ती कोणाची घेऊ? बायको म्हणते, रविवारी संध्याकाळी आपल्या घरात सुतक असतं.

– एक ब्राउन्सवेडा, ओहायो

उत्तर

नमस्कार.

मुलाचा प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. क्वार्टरबॅकच्या निवडीतली चूक बहुतेक वेळा मैदानाबाहेर, फार आधी झालेली असते. त्याच्यासाठी संघानं काय किंमत मोजली, त्याच्या रक्षणाला कोणते पाच जण (म्हणजेच लाइन) उभे केले आणि शिकायला त्याला किती वेळ दिला, या तीन गोष्टींवर त्याचं बरंचसं भवितव्य ठरतं. ब्राउन्स या तिन्ही ठिकाणी आळीपाळीनं चुकले आहेत. दर वेळी शिक्षा मात्र ज्याचं नाव जर्सीवर होतं त्याला झाली. १९९९ पासून चाळीसहून अधिक जणांनी या संघासाठी क्वार्टरबॅक म्हणून सामन्याची सुरुवात केली आहे. इतके सगळे जण नालायक निघतील, हे पटण्यासारखं नाही. तुमचा राग खरा आहे, फक्त त्याचा पत्ता तपासून घेऊ.

काउचपासून बघा. १९९९ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. संघ नवाकोरा, लाइन इकडूनतिकडून जमवलेली. पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गनं ४३-० असा धुव्वा उडवला आणि दुसऱ्या आठवड्यापासून काउच सुरुवातीला उतरू लागला. त्या एका हंगामात तो ५६ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. लाइन आधी उभी करायची आणि मुलाला वर्षभर बाजूला बसवून शिकवायचं, हा साधा क्रम तिथे उलटा झाला. अठरा वर्षांनी, २०१७ मध्ये, दुसऱ्या फेरीत घेतलेल्या एकवीस वर्षांच्या डिशोन कायझरला पहिल्या आठवड्यापासून मैदानात लोटलं. त्याचे २२ इंटरसेप्शन झाले, म्हणजे तेवढ्या फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या, आणि संघ ०-१६ गेला. त्याच हंगामात ऑक्टोबरमध्ये लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या कडेचा रक्षक) जो थॉमसचा दंडाचा स्नायू फाटला आणि सलग १०,३६३ स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारे खेळ) खेळण्याचा त्याचा विक्रम थांबला. म्हणजे कायझरकडे होता तो एकमेव भरवशाचा आधारही गेला.

किंमत आणि संयम यांचा हिशोब २०१६ आणि २०१७ मध्ये सगळ्यात जास्त बिघडला. २०१६ ची दुसरी निवड फिलाडेल्फियाला विकली, त्यांनी क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ घेतला. २०१७ ची बारावी निवड ह्यूस्टनला विकली, त्यांनी डिशॉन वॉटसन घेतला. (त्या सौद्यात मिळालेल्या निवडीतून पुढे बचावपटू डेन्झेल वॉर्ड आला, हेही न्यायानं सांगायला हवं.) आणि २०२२ मध्ये त्याच वॉटसनसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी, शिवाय खालच्या फेऱ्यांमधल्या आणखी काही, आणि पाच वर्षांचा २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार! पूर्ण हमी म्हणजे खेळाडू जखमी झाला, खेळ ढासळला, तरी पै न् पै द्यायची. लीगच्या इतिहासात एवढी हमी त्याआधी कोणालाच मिळाली नव्हती. पुढे ११ सामन्यांची बंदी आली, खांद्याची दुखापत आली, टाचेवरचा स्नायूबंध तुटला. पहिल्या तीन हंगामांत मिळून तो १९ सामने खेळला.

यात तुमच्या पत्रात नसलेली, पण मुलाला ठाऊक असायला हवी अशी एक गोष्ट आहे. वॉटसनवर दोन डझनांहून अधिक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले होते. त्यानं आरोप नाकारले, टेक्ससमधल्या दोन ग्रँड ज्युरींनी फौजदारी आरोप ठेवले नाहीत, बहुतेक दावे तडजोडीनं मिटले. लीगनं बंदीबरोबर ५० लाख डॉलरचा दंडही केला. संघाला हे सगळं करार करताना माहीत होतं. तुम्हाला त्या वर्षी संघापासून तुटल्यासारखं वाटलं असेल तर ते फुटबॉल न कळण्याचं लक्षण नव्हे. मुलाशी यावर सरळ बोला, चौदाव्या वर्षी हे समजतं.

वॉटसनला घेण्यासाठी ज्याला दूर केलं, तो क्वार्टरबॅक बेकर मेफील्डही बघा. २०२० मध्ये स्टेफान्स्कींच्या हाताखाली तो ११-५ खेळला आणि पिट्सबर्गमध्ये जाऊन प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) सामना ४८-३७ असा जिंकला. त्या संघाकडे काय होतं? बिटोनिओ, ट्रेटर, टेलर, कॉन्क्लिन अशी लाइन, बिल कॅलाहनसारखा लाइनचा प्रशिक्षक, पाठीशी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) निक चब. धावण्याची भीती दाखवायची आणि क्वार्टरबॅकला बाजूला काढून सोपी फेक द्यायची, असा आराखडा. २०२१ मध्ये दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या डाव्या खांद्याला इजा झाली. तो पट्टा बांधून खेळत राहिला, आकडे पडले आणि संघानं निकाल लावून टाकला. पुढे टँपा बेमध्ये त्यानं २०२४ च्या हंगामात ४१ टचडाउन (सहा गुण देणाऱ्या फेकी) फेकले. सॅम डार्नल्डचंही तसंच: न्यूयॉर्क जेट्समध्ये बुडालेला हा मुलगा २०२४ मध्ये मिनेसोटात १४ सामने जिंकून बसला. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्यांना हे समजवावं लागत नाही. फलंदाज तोच असतो, खेळपट्टी बदलली की धावा बदलतात.

आता २०२५. उन्हाळ्याच्या शिबिरात चौघे क्वार्टरबॅक होते: फ्लॅको, पिकेट, गेब्रिएल, सँडर्स. चौघांत सराव वाटला की कोणाच्याच वाट्याला पुरेसा येत नाही. रिसीव्हर (पास झेलणारा) वळायच्या आधी चेंडू सुटलेला असावा लागतो, आणि तो मेळ एकाच जोडीनं शेकडो वेळा केल्याशिवाय बसत नाही. पिकेट ऑगस्टमध्येच विकला गेला. फ्लॅको चार सामने (१-३) खेळून बाहेर बसला आणि लगेच सिनसिनाटीला रवाना झाला. गेब्रिएल १-५. बॉल्टिमोरविरुद्ध त्याला डोक्याला मार लागला आणि सँडर्स दुसऱ्या अर्धात उतरला. त्यात त्यानं १६ पैकी ४ पास पुरे केले आणि एक इंटरसेप्शन दिला. समाजमाध्यमांवर त्याच रात्री त्याचा निकाल लागला. पण बुधवार, गुरुवार, शुक्रवारचा मुख्य संघाबरोबरचा सराव जवळजवळ सगळा सुरुवातीच्या क्वार्टरबॅकलाच मिळतो. राखीव मुलगा त्या वेळात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करत असतो. त्या अर्ध्या सामन्यावरून सँडर्सबद्दल काहीही ठरवू नका, चांगलंही नाही. नंतरच्या सात सामन्यांत तो ३-४ होता, आणि त्यातला पिट्सबर्गवरचा १३-६ असा विजय तर बचावफळीचा होता. जिंकले-हरले हा क्वार्टरबॅकचा आकडा धरलाच तर फसाल.

आता तुमचा मुख्य प्रश्न: घरी बसून कसं ओळखायचं. यासाठी एक वही आणि तुम्ही दोघे पुरेसे आहात. काम वाटून घ्या. पास फेकला जाणाऱ्या खेळात मुलानं स्नॅपपासून सेकंद मोजायचे, तुम्ही किती जण चाल करून आले ते मोजायचं. दोन खेळांमध्ये ४० सेकंदांचं घड्याळ असतं, तेवढ्यात एक ओळ आरामात लिहून होते. वहीत पाच रकाने आखा: कितवा डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि किती यार्ड हवेत, किती जण आले, किती सेकंदांत चेंडू सुटला, चेंडू कुठे पडला, सॅक किंवा धावपळ झाली तर कोणामुळे. एका सामन्यात असे ३५ ते ४० खेळ होतात.

लक्षात ठेवायचा आकडा अडीच सेकंदांचा. लाइननं अडीच सेकंद थोपवलं तर तिनं आपलं काम केलं, असा आजचा रूढ मापदंड आहे. लाइनमध्ये पाच जण असतात. समोरून चारच आले आणि तरी अडीच सेकंदांच्या आत क्वार्टरबॅक घेरला गेला, तर तो सॅक लाइनच्या खात्यावर. सहा जण आले आणि अडवायला पाचच होते, तर एक जण मोकळा सुटणारच. तो कोण हे स्नॅपआधी ओळखून चेंडू झटकन जवळच्या रिसीव्हरला देणं, किंवा रनिंग बॅकला अडवायला थांबवणं, हे क्वार्टरबॅकचं काम. तिथला सॅक त्याचा. चौघेच आले, तीन सेकंद उलटले आणि चेंडू अजून हातात असेल, तर तोही त्याचाच, रिसीव्हर सगळेच झाकलेले नसतील तर. झाकले होते का, हे दूरचित्रवाणीच्या चित्रात दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूवर असतो आणि मैदानाची मागची बाजू कापली जाते. त्यासाठी बावीसही खेळाडू दाखवणारं चित्रण बघावं लागतं, ते एनएफएल प्लसच्या प्रीमियम वर्गणीत मिळतं. सगळा सामना पुन्हा बघायची गरज नाही, फक्त सॅक आणि इंटरसेप्शनचे खेळ बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

पायांकडे बघायला मुलाला शिकवा. चांगला क्वार्टरबॅक ठरलेली पावलं मागे जातो, तिथून दबाव आला की पुढे सरकतो. टॅकल आपली जागा त्या खोलीच्या हिशोबानं धरतो: सात ते नऊ यार्ड. क्वार्टरबॅक दहा-अकरा यार्डांपर्यंत मागे वाहत गेला तर कडेनं येणाऱ्याला वळसा घालायला मोकळा रस्ता मिळतो, आणि टॅकल नीट खेळूनही हरलेला दिसतो. समालोचक तेव्हा लाइनवर खापर फोडतात. सँडर्सवर कॉलेजपासूनच हा आक्षेप आहे. कोलोरॅडोत दोन हंगामांत तो नव्वदहून अधिक वेळा सॅक झाला. त्यात कमजोर लाइनचा वाटा मोठा होता, पण मागे सरकत चेंडू धरून ठेवण्याचाही होता. पुढच्या हंगामात तो खेळला तर त्याच्याबाबतीत सगळ्यात आधी हेच बघा. ही सवय सुटली तर उरलेलं सगळं सुधारायला वाव आहे. सुटली नाही तर लाइनवर कितीही पैसे ओता, सॅक होतच राहतील.

गेब्रिएल डावखुरा आहे, हेही ध्यानात घ्या. उजव्या हातानं फेकणाऱ्याची पाठ डाव्या टॅकलकडे असते, डावखुऱ्याची उजव्याकडे. म्हणजे गेब्रिएल खेळत असताना न दिसणारी बाजू उजव्या टॅकलकडे जाते, आणि हंगामाच्या मधोमध क्वार्टरबॅक बदलला की लाइनची सगळी गणितं फिरतात. बदलाची किंमत अशी दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यात दिसते.

फेकीचं बघताना पूर्ण झाली की नाही एवढ्यावर थांबू नका. धावत्या रिसीव्हरला चेंडू पुढे, छातीच्या उंचीवर मिळाला की तो न थांबता पळतो. मागे वळून घ्यावा लागला तर पास पूर्ण होतो, पण पुढचे आठ-दहा यार्ड गेले. अशा फेकींवर वहीत फुली मारा. तिसऱ्या डाउनला सात यार्ड हवे असताना तीन यार्डांवर दिलेला पासही पूर्णच मोजला जातो, आणि पुढच्या खेळाला पंट होतो, म्हणजे चेंडू लाथेनं लांब उडवून प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो. टक्केवारी फुगते, संघ बसतो. मात्र तिसऱ्या डाउनला सतत आठ-नऊ यार्ड हवे असतील, तर दोष पहिल्या डाउनवर शोधा: वाया गेलेली धाव, शिक्षेचे यार्ड, साचेबंद खेळ. आठ यार्डांच्या वर कोणताही क्वार्टरबॅक सामान्य दिसतो.

इंटरसेप्शनचेही प्रकार असतात. हाताला लागून उडालेला चेंडू आणि अर्धवेळेच्या शेवटच्या क्षणी लांब उडवलेला चेंडू सोडून द्या. मधल्या भागात उशिरा फेकलेला आणि लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) न दिसल्यानं थेट त्याच्या हातात दिलेला, हे दोन क्वार्टरबॅकचे. आणि बचावपटूनं सोडलेला झेलही लिहून ठेवा, कारण पुढच्या आठवड्यात तो सुटणार नाही. फ्लॅकोचं २०२३ हे याचं उत्तम उदाहरण. पाच सामने, १६१६ यार्ड, १३ टचडाउन, ४-१. सगळं शहर नाचलं. पण त्याच पाच सामन्यांत ८ इंटरसेप्शनही होते, आणि प्लेऑफमध्ये ह्यूस्टननं दोन इंटरसेप्शन थेट टचडाउनमध्ये बदलून ४५-१४ असं हरवलं. इशारा आधीपासून समोर होता.

आणि क्लीव्हलंडकरांनी हवामानाचा रकाना विसरू नये. स्टेडियम तलावाच्या काठावर आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिथे रेडर्सकडून ६-१६ हरलो आणि ह्यूस्टनला १०-७ हरवलं, दोन्ही वेळा वाऱ्यानं लांब पास बंद केले होते. मेफील्डच्या सर्वांत चांगल्या वर्षातले हे सामने आहेत. ताशी वीस मैलांच्या वर वारा असेल त्या दिवशीची वही वेगळी ठेवा.

आकड्यांपैकी एक घरच्या घरी काढता येतो आणि तो बराच प्रामाणिक आहे. पासचे यार्ड घ्या, प्रत्येक टचडाउनला २० मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनला ४५ वजा करा, सॅकमध्ये गमावलेले यार्ड वजा करा, आणि आलेल्या आकड्याला फेकी अधिक सॅक यांच्या बेरजेनं भागा. समजा ३१ फेकी, २१४ यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन, चार सॅकमध्ये २७ यार्ड गेले. २१४ अधिक २०, वजा ४५, वजा २७, म्हणजे १६२. भागिले ३५. उत्तर ४.६. लीगची सरासरी सहाच्या आसपास असते, तेव्हा हा दिवस वाईट गेला. पण एका सामन्याचं उत्तर हे हवेसारखं बदलतं. इंटरसेप्शन शंभर फेकींमागे दोन-अडीच होतात, मग तीस फेकींत शून्य आले काय नि दोन आले काय, त्यावरून काही सिद्ध होत नाही. सॅकचं प्रमाण मात्र लवकर स्थिरावतं आणि संघ बदलला तरी क्वार्टरबॅकच्या मागे जातं. दर शंभर पास-प्रयत्नांत सहा-सात सॅक ठीक, नऊच्या वर काळजी. सँडर्सच्या पहिल्या हंगामात जेमतेम दोनशे फेकी आहेत. त्याच्या उणिवा त्यात दिसल्या, निकाल लावण्याइतकं मात्र ते नाही. मुलाला हेच उत्तर द्या: अजून ठरलेलं नाही, आणि कशावरून ठरेल ते आपल्याला माहीत आहे.

वॉटसनच्या कराराकडे येतो. २३ कोटींपैकी पहिल्या वर्षी मूळ पगार १० लाख ३५ हजारच होता, बाकी सुमारे साडेचार कोटी सही करतानाचा बोनस. पुढची चार वर्षं प्रत्येकी ४ कोटी ६० लाख. लीगनं प्रत्येक संघाला घातलेल्या वार्षिक पगारमर्यादेत बोनस पाच वर्षांपर्यंत वाटून दाखवता येतो, आणि संघानं हीच वाट पुन्हा पुन्हा धरली. गणित असं: ४ कोटी ६० लाखांपैकी ४ कोटी ५० लाख बोनसात बदलले की यंदा त्यातले ९० लाखच मोजले जातात, ३ कोटी ६० लाखांची जागा मोकळी होते. पण पुढची चार वर्षं दर वर्षी ९० लाख चिकटतात. करार तेवढा लांब नसेल तर कागदावर रिकामी वर्षं जोडतात. करार संपला की या वर्षांमधली उरलेली सगळी रक्कम एकदम पुढच्या वर्षाच्या हिशोबात पडते. तिला डेड मनी म्हणतात, म्हणजे जो खेळाडू नाही त्याच्यासाठी अडवलेली जागा. करार २०२६ च्या हंगामाबरोबर संपतो, बिल त्यानंतरही येणार आहे. मार्चमध्ये "करारात फेरबदल, एवढे कोटी वाचले" अशी बातमी दिसली की आनंद मानू नका, ते कर्ज पुढे ढकललेलं असतं.

म्हणूनच गेब्रिएल तिसऱ्या आणि सँडर्स पाचव्या फेरीत घेतला यावर संतापू नका. तिथे किंमत कमी मोजली होती, वर्षाला दहा लाख डॉलरच्या आसपास. इतक्या कमी किमतीत दोन तिकिटं काढणं ही २०२२ च्या तुलनेत शहाणपणाची गोष्ट होती. चूक नंतर झाली, सरावाच्या वाटपात आणि फाटक्या लाइनमध्ये. २०२४ मध्येच लाइन विस्कटली होती. कॅलाहन टेनेसीला गेले, स्टेफान्स्कींची जुनी मांडणी बदलायला आक्रमणाचा प्रशिक्षक म्हणून केन डॉर्सीला आणलं आणि त्या वर्षी साठहून अधिक सॅक झाले. वॉटसन एकटा सात सामन्यांत ३३ वेळा पडला. २०२६ च्या ड्राफ्टमध्ये संघानं लाइनमन घेतला आणि मित्रांनी शिव्या घातल्या, तर तुम्ही टाळ्या वाजवा. तो ड्राफ्ट एप्रिल २०२६ मध्ये पिट्सबर्गला, आणि २०२५ ची दुसरी निवड जॅक्सनव्हिलला देताना त्यांची २०२६ ची पहिल्या फेरीची निवडही आपल्याकडे आली आहे. जॅक्सनव्हिल प्लेऑफला पोचल्यानं ती खाली घसरली हे खरं, पण गार्ड किंवा टॅकल तिथेही मिळतो.

(ड्राफ्टच्या रात्री कोणीतरी हमखास काढेल: २००० मध्ये ब्राउन्सनी १८३ व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक स्पर्गन विन घेतला आणि १९९ व्या क्रमांकावर पुढे महान ठरलेला टॉम ब्रेडी गेला. २०१६ मध्ये ९३ व्या क्रमांकावर कोडी केसलर घेतला, १३५ व्यावर पुढे गाजलेला डॅक प्रेस्कॉट गेला. दोन्ही खरं आहे. पण त्या वर्षांतल्या क्लीव्हलंडमध्ये ब्रेडी येऊन काय झाला असता, हे सांगायला कोणी बसलेलं नाही. या वादात रात्र घालवू नका.)

हरावं असं वाटण्याबद्दल. मनात येणं चूक नाही, डिसेंबरमध्ये अर्ध्या लीगच्या चाहत्यांच्या मनात येतं. पण ब्राउन्सनी हा प्रयोग करून पाहिला आहे: २०१६ आणि २०१७ मिळून १-३१. त्यातून बचावपटू मायल्स गॅरेट आला, मेफील्ड आला, आणि चार वर्षांनी मेफील्ड गेला. वरच्या निवडीनं मुलगा मिळतो, त्याला सांभाळणारं घर मिळत नाही. शिवाय मैदानावरच्या मुलांचे करार त्याच सामन्यांवर ठरत असतात, त्यांच्यासाठी कोणताच सामना फुकटचा नसतो. तुमच्या मुलासमोर तरी जिंकण्याच्याच बाजूनं बसा.

रविवारच्या सुतकावर उपाय साधा आहे. एक वाजताचा सामना सव्वाचारपर्यंत संपतो. त्यानंतर रेडिओवरच्या चर्चा आणि फोनवरचे गट सोमवार सकाळपर्यंत बंद. वही मिटायची, दोघांनी मिळून तो एक आकडा काढायचा, आणि मग वहिनी ठरवतील तो कार्यक्रम. सामन्याच्या वेळी घरी पाहुणे असतील तर तास-दीड तास उशिरा चित्रण लावा. जाहिराती गाळल्या की सामना दोन तासांत बसतो आणि चिडायला मध्ये वेळही उरत नाही.

जर्सी. क्वार्टरबॅकची घेऊ नका, निदान त्याला दुसरा मोठा करार मिळेपर्यंत. १९९९ नंतर ब्राउन्सनी स्वतः ड्राफ्ट केलेल्या एकाही क्वार्टरबॅकला तो दिलेला नाही, तुमच्या कपाटातले तिघेही त्यात आले. चालू खेळाडूंत गॅरेटची ९५ किंवा वॉर्डची २१ घेता येईल. पण ५३ जणांची अंतिम यादी ऑगस्टअखेर लागते आणि तोवर सौदे होत राहतात, तेव्हा वाढदिवस त्याआधी असेल तर थॉमसची ७३ घ्या. तो २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या दालनात) गेला आहे, त्याला आता कोणी विकू शकत नाही.